आपली पिशवी, शेजाऱ्याचा हात

पूर्वी वाण्याच्या दुकानी गिऱ्हाइकाने केवळ यादी सांगावी. वाणी जिन्नस तोलून पुड्या बांधी, त्यांवर दोरा गुंडाळी व पिशवीही भरून देई. जिन्नस गिऱ्हाइकाने स्वतःच उचलून आणण्याची रीत क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ साली अमेरिकेतील मेंफिस शहरी आपल्या 'पिगली विगली' या दुकानात सुरू केली. नोकर कमी लागत, म्हणून माल स्वस्त देता येई. आता आम्हां अनगोळकरांसही मोठ्या दुकानांत पैसे देऊन झाल्यावर पिशवी आपणच भरावी लागते. कर्नाटकात २०१६ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून ती पिशवीही घरूनच न्यावयाची.

परवा अशाच एका दुकानी आमच्यापुढे एक वृद्ध माउली थरथरत्या हातांनी सामान भरीत होती. रांग कुरकुरू लागली. आम्हीही, खरे सांगावयाचे तर, घड्याळाकडे पाहिले. इतक्यात एका शाळकरी मुलाने पुढे होऊन तिची पिशवी उघडी धरली. काम क्षणात उरकले. आम्ही मात्र खजील झालो.

मातापित्यांनो, तांदूळ-गूळ तळाशी, अंडी व पाव वर, साबण अन्नापासून निराळा, ही शिस्त मुलांना अवश्य शिकवा. त्यासोबत त्या मुलाचा धडाही शिकवा. पिशवीला वाण्याचा हात आता लागत नाही. तेथे शेजाऱ्याचा लागला, तर वृद्धांना बाजार जड जाणार नाही.