व्याजावरचा संसार: दोन मंद्यांचा मागोवा

पेन्शन नसलेल्या आणि मुलांपुढे हात न पसरणाऱ्या निवृत्तांचा घरखर्च भारतात मुख्यतः व्याजावर चालतो. मंदीत रिझर्व्ह बँक दर उतरवते, तेव्हा कर्जदाराला मिळालेला दिलासा याच घरांच्या मुळावर येतो.

पहिल्या मंदीत, ऑक्टोबर २००८ मध्ये ९ टक्के असलेला रेपो दर एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आला आणि बँकांच्या मुदत ठेवींचे व्याजही घटले. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना मात्र २००४ पासूनच्या ९ टक्क्यांवर ठाम होती, कारण तिचा दर सरकार ठरवी, बाजार नव्हे. त्या वेळी ज्येष्ठांना खरा चटका बसला तो महागाईचा. २००९ च्या अखेरीस तूरडाळ शंभरीच्या आसपास गेली होती.

पुढे श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशींनुसार २०१२ पासून या बचत योजनेचा दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडला गेला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, पण निवृत्तांच्या डोक्यावरचे छत्र त्याने काढून घेतले.

ते जाणवले दुसऱ्या मंदीत, २०२० मध्ये. एप्रिलमध्ये योजनेचा दर एकदम ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आला. आधी उघडलेल्या खात्यांना जुनाच दर मिळत राहिला. कोंडी झाली ती नेमकी तेव्हा मुदत संपलेल्यांची. एप्रिल २०१५ मध्ये ९.३ टक्क्यांनी १५ लाख ठेवणाऱ्याला तिमाहीला ३४,८७५ रुपये मिळत. तीच रक्कम पुन्हा गुंतवल्यावर हाती आले २७,७५० रुपये. त्या आर्थिक वर्षात किरकोळ महागाई ६ टक्क्यांच्या वर होती, आणि औषधांचा खर्च काही थांबत नाही. केंद्राच्या पेन्शनरांनाही झळ लागली. जानेवारी २०२० पासूनचे महागाई सवलतीचे तीन हप्ते गोठवले गेले आणि जुलै २०२१ मध्ये वाढ मिळाली तरी थकबाकी मिळाली नाही.

३१ मार्च २०२१ रोजी दर ६.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच, नजरचुकीने निघाल्याचे सांगून, अर्थमंत्र्यांनी तो मागे घेतला. त्या सुमारास पश्चिम बंगालसह काही राज्यांत मतदान सुरू होते, हे ठेवीदारांच्या नजरेतून सुटले नाही.

एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आणि गुंतवणुकीची मर्यादा ३० लाख झाली. २०२० मध्ये ७.४ टक्क्यांनी उघडलेल्या खात्यांना मात्र वाढीव दर आपोआप मिळाला नाही. त्यासाठी खाते मुदतीआधी बंद करून, मुद्दलातून १ टक्का कापून घेऊन, नवे खाते उघडावे लागे.