निवडणूक गुन्हे, नवी संहिता आणि तुरुंगावरील भार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तळोदा तालुक्याने २०२४ मध्ये १३ मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी मतदान केले. या दोन तारखांच्या दरम्यान, १ जुलैला, भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यामुळे मतदाराला लाच देण्याचा जो गुन्हा मे महिन्यात कलम १७१-ई खाली येत होता, तो नोव्हेंबरात कलम १७३ खाली आला.

गैरसमज : नव्या संहितेने कैद वाढवली, म्हणून तुरुंग भरतील.
वस्तुस्थिती : लाच, गैरवाजवी दबाव आणि तोतया मतदान यांना पूर्वीप्रमाणेच जास्तीत जास्त १ वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, तर जेवणावळ घालून किंवा दारू पाजून मत मिळवण्याला आजही केवळ दंड आहे. वाढ झाली ती दंडात : उमेदवाराच्या परवानगीविना प्रचारखर्च करण्याचा दंड ५०० रुपयांवरून १०,००० पर्यंत, आणि खर्चाचा हिशेब न ठेवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपयांपर्यंत गेला.

गैरसमज : गुन्हा नोंदला की कोठडी ठरलेली.
वस्तुस्थिती : लाच, गैरवाजवी दबाव आणि तोतया मतदान हे तिन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत, म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क असतो. मतदान केंद्र बळकावणे मात्र वेगळे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५-अ नुसार त्यासाठी किमान १ वर्ष कैद आहे.

गैरसमज : तुरुंगावरचा भार शिक्षा झालेल्यांचाच असतो.
वस्तुस्थिती : २०२२ अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. निवडणुकीच्या तोंडावर यात प्रतिबंधक कारवाईची भर पडू शकते. पोलिसी भाषेत जिला ‘चॅप्टर केस’ म्हणतात, त्या कारवाईत कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचे बंधपत्र मागतात, आणि आदेश होऊनही ते वेळेत दिले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४१ नुसार, कोणताही गुन्हा शाबित झालेला नसताना, तुरुंगात जावे लागते. ज्याला ऐपतदार जामीनदार मिळतो तो घरी परततो आणि मजुरीवर जगणारा आत राहतो. म्हणूनच बंधपत्राची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी, असे याच संहितेचे कलम १३६ बजावते. तुरुंगातील जागा आणि मनुष्यबळ वाचवण्याचा सर्वांत न्याय्य मार्ग या एका तरतुदीच्या काटेकोर पालनातून जातो.