ढेकराची साक्ष कितपत खरी?

सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा ढवळा, गटागटा प्या आणि घड्याळाकडे बघत बसा. दोन-तीन मिनिटांत ढेकर आला तर पोटात आम्ल भरपूर; पाच मिनिटं उलटूनही आला नाही तर आम्ल कमी! मोबाइलवर फिरणारी ही तपासणी फुकटात होते. तिच्यामागून येणाऱ्या ‘आम्ल वाढवणाऱ्या’ कॅप्सूल मात्र फुकट नसतात.

यातलं रसायनशास्त्र खरं आहे. सोडा आणि पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आलं की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पण गिळलेली हवाही ढेकर होऊन बाहेर येते, आणि तयार झालेला वायू गुपचूप आतड्यांकडे सरकू शकतो. म्हणजे ढेकर आला तरी कशामुळे आला हे कळत नाही, आणि नाही आला तरी काही सिद्ध होत नाही. आम्ल खरंच मोजायचं तर पीएच मोजणारी बारीक नळी जठरात उतरवावी लागते.

उच्छ्वासावरून पोटातलं काही कळतच नाही, असं मात्र नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठरातल्या आम्लात तग धरतो, कारण तो युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. रुग्णाला खूण केलेल्या कार्बनचा युरिया पाजतात. तोच कार्बन उच्छ्वासात सापडला की जिवाणू पकडला गेला. या जिवाणूमुळे जठराला सूज आणि अल्सर होतो, हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. मार्शलने तर 1984 मध्ये जिवाणूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं होतं. धन्य तो माणूस!

त्याच्याही आधीचा किस्सा अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावरचा. 1822 मध्ये तिथे ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक काही बुजलं नाही. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी मग रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कच्च्या कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि तासातासाने ओढून पाहिले. 1833 मध्ये त्यावर पुस्तक आलं. सेंट मार्टिन या प्रयोगांना वैतागून मध्येच निघून गेला होता. कोण नाही जाणार?

बरं, जळजळ झाल्यावर सोड्याने आराम पडतो का? पडतो, पण थोडाच वेळ. शिवाय छातीत जळजळ म्हणजे आम्ल जास्तच झालं असं नाही. बऱ्याचदा ते नेहमीइतकंच असतं, फक्त अन्ननलिकेत चढलेलं असतं. वारंवार होत असेल तर डॉक्टर गाठा. दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ‘पित्त असेल’ म्हणत सोडा शोधत बसू नका, थेट इस्पितळात जा.

चमचाभर सोड्यात सुमारे 1,250 मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात 2,000 च्या आत राहावं. रक्तदाबवाल्यांनी लोणचं-पापड सोडून सोडा पिणं म्हणजे कमालच.

‘लिंबू-सोड्याने रक्त अल्कधर्मी होतं’ या दाव्यात तर गंमतच आहे. लिंबू पिळल्याबरोबर सोडा पेल्यातच फसफसून बराचसा संपतो. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 यांच्या दरम्यान ठेवण्याचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. आणि बायकार्बोनेट हवं असेल तर आपलं स्वादुपिंड ते रोज बनवतंच, तेही बिनपैशात.

आता वायूचा हिशेब. पाच ग्रॅम सोड्याची पूर्ण अभिक्रिया झाली तर शरीराच्या तापमानाला जवळजवळ दीड लिटर वायू बनतो. जठरात तो एकदम बनत नाही म्हणून बहुतेकांचं निभावतं. पण भरपेट जेवणावर सोडा घेतल्यावर जठर फाटल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. म्हणूनच अमेरिकेत पोटासाठी विकल्या जाणाऱ्या सोड्याच्या वेष्टनावर इशारा असतो: पावडर पूर्ण विरघळल्याशिवाय पिऊ नका, आणि पोट तुडुंब भरलेलं असताना तर मुळीच नको.