मेसेजची घाई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिलाईत पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी घरोघरी आहेत. विदर्भातून येऊन इथेच रुजलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. पीएफ, ग्रॅच्युइटी अशी आयुष्यभराची पुंजी बँकेत असते, मुले नोकरीसाठी परगावी असतात आणि तिन्हीसांजेनंतर, विचारायला जवळ कुणी नसताना, फोनवर धमकीवजा मेसेज येतो. खरा मेसेज कसा ओळखायचा याचे आपले काही ठोकताळे असतात. त्यांतले बरेचसे आता उपयोगाचे राहिलेले नाहीत.

गैरसमज १: ‘आज रात्री वीज कापणार म्हणतात, आत्ताच फोन करायला हवा.’

२०२२ मध्ये हा मेसेज देशभर फिरला. मागच्या महिन्याचे बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला वीज बंद होईल, ‘वीज अधिकाऱ्या’ला ताबडतोब फोन करा, आणि खाली दहा आकडी मोबाइल नंबर. फोन केला की समोरचा माणूस अदबीने एक ॲप डाउनलोड करायला सांगतो. त्या ॲपमुळे तुमची स्क्रीन त्याला दिसू लागते. मग ‘दहाच रुपये भरा’ म्हणतो. ते भरताना तुम्ही टाकलेला कार्ड नंबर आणि आलेला ओटीपी त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

वस्तुस्थिती: वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. मेसेज पाठवून त्याच रात्री वीज तोडण्याची मुभा कोणत्याही वीज कंपनीला नाही. शंका असेल तर वीज कंपनीच्या ‘मोर बिजली’ ॲपवर बिल पाहा किंवा १९१२ वर विचारा. मेसेजमधल्या नंबरवर मात्र फोन करू नका.

गैरसमज २: ‘बँकेचे नाव आहे, म्हणजे मेसेज बँकेचाच.’

वस्तुस्थिती: नाव कुणीही लिहू शकतो. खरी बँक दहा आकडी मोबाइल नंबरवरून केवायसीचा मेसेज पाठवत नाही. नोंदणी केलेल्या नावाने पाठवते. २०२५ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमानुसार अशा नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते: सरकारी मेसेजला ‘जी’, सेवेच्या मेसेजला ‘एस’, व्यवहाराच्या मेसेजला ‘टी’ आणि जाहिरातीला ‘पी’. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. या खुणा जरूर पाहा, पण केवळ त्यांच्या भरवशावर लिंक उघडू नका. बँकेचे ॲप स्वतः उघडा किंवा पासबुकावरच्या नंबरवर फोन करा. काम खरे असेल तर ते तिथेही दिसेल.

गैरसमज ३: ‘मी ओटीपी कुणाला सांगितला नाही, म्हणजे पैसे सुरक्षित आहेत.’

वस्तुस्थिती: वाहनाचे चलान, लग्नाची पत्रिका, पेन्शनचा हयातीचा दाखला अशा नावांनी एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी, फाइल येते. ती इन्स्टॉल करून मेसेज वाचण्याची परवानगी दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. तोंडाने काही सांगावेच लागत नाही. चलान असलेच तर ते परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येते. ईपीएस-९५ पेन्शनधारकांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे: हयातीचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि तो १२ महिने चालतो. ‘आज दिला नाही तर पेन्शन बंद’ या धमकीला घाबरू नका.

फाइल इन्स्टॉल झालीच असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा आणि मग ते ॲप काढून टाका.

गैरसमज ४: ‘खाते फक्त वापरायला दिले, गुन्हा तर मी केला नाही.’

हा मेसेज तरुणांना येतो: बँक खाते आणि सिम द्या, घरबसल्या कमिशन मिळवा.

वस्तुस्थिती: लुबाडलेला पैसा फिरवायला चोरांना दुसऱ्याच्या नावाची खाती लागतात. महादेव बेटिंग ॲप प्रकरणामुळे भिलाईचे नाव देशभर गाजले, आणि त्या तपासातही अशा खात्यांचा वापर समोर आला. पैसा ज्याच्या खात्यातून गेला, पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. चार पैशांसाठी पोराचे शिक्षण आणि नोकरी पणाला लागते. घरातल्या मोठ्यांनी हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

गैरसमज ५: ‘गेलेले पैसे परत येत नाहीत, तक्रार करून काय उपयोग?’

वस्तुस्थिती: घाई करायची ती इथे. १९३० ही केंद्रीय गृह मंत्रालयाची हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतो. त्यामुळे पहिले काही तास लाखमोलाचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लगेच कळवण्यात आपलाच फायदा आहे. लाजेपायी मुलांपासून लपवण्यात गेलेला वेळ चोराच्या पथ्यावर पडतो.

पैसे गेले नसले तरी संशयास्पद मेसेज नुसता डिलीट करू नका. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत तो नोंदवा. तपासात दोषी ठरलेला नंबर बंद होतो आणि त्याच नंबरवरून शेजाऱ्याला जाणारा मेसेज थांबतो.