पत्रिकेची परीक्षा

टीव्हीवरच्या विज्ञानकथांच्या मालिकेत एक भाग हमखास असतो. कुणी शास्त्रज्ञ बंद खोलीत यंत्रं लावून अदृश्य शक्तीला बोलावतो, प्रयोग फसतो, दिवे जातात आणि घरातली माणसं किंचाळत सुटतात. आपणही स्वयंपाक टाकून बघत बसतो. पण मैत्रिणींनो, अशा न दिसणाऱ्या शक्तीचा एक खराखुरा प्रयोग २००८ साली आपल्या महाराष्ट्रात झाला. तिथे फसला तो प्रयोग नाही, तर दावा!

हा प्रयोग केला डॉ. जयंत नारळीकरांनी. खगोलशास्त्रज्ञ तर ते होतेच, शिवाय मराठीत विज्ञानकथा त्यांनी घरोघरी पोचवली. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत शास्त्रज्ञ पृथ्वीवर येणारा धूमकेतू वळवतात आणि इकडे घरात संकट टळावं म्हणून यज्ञ होतो. श्रेय कुणाचं, हा प्रश्न आपल्याही घरातलाच आहे, नाही का?

तोच प्रश्न त्यांनी प्रत्यक्षात तपासला. सोबत होते संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे. त्यांनी १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या आणि संगणकावर पत्रिका मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या. सांगायचं एवढंच, की मूल कोणत्या गटातलं? ५१ जण पुढे आले, उत्तरं पाठवली २७ जणांनी.

आता गंमत बघा. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी ४० पैकी साधारण २० बरोबर यायला हवीत. सगळ्यांत हुशार ठरलेल्या ज्योतिषाची २४ बरोबर आली. सरासरी तर विसाच्याही खाली गेली! एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यात बरोबर आल्या १०२. म्हणजे तिथेही नाणंच.

मूल हुशार की मतिमंद, एवढा ढोबळ फरक ज्या कागदावरून कळत नाही, त्यावरून मुलीचा संसार कसा होईल हे कसं कळणार? आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची लेक शिकलेली, कमावती. ‘मंगळ आहे’ म्हणून दोन स्थळं परत गेली. पोरगी म्हणाली, ‘आई, माझ्यात काय कमी आहे गं?’ त्या माउलीकडे उत्तर नव्हतं. कमी काहीच नव्हतं, हेच उत्तर आहे!

मी शिर्डीत राहते. इथे दुकानांच्या पाट्यांपासून रिक्षांपर्यंत ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ हे दोन शब्द दिसतात. श्रद्धा मनाला धीर देते, त्याला कुणाची ना नाही. पण श्रद्धेच्या नावाखाली कुणाच्या लेकीला दोषी ठरवायचं नसतं. आणि सबुरी म्हणजे नुसतं वाट बघणं नव्हे, निकाल देण्याआधी थांबून तपासणंही आहे.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांचा धडा आपण चालू ठेवू या. लग्न जमवताना मुलाचं व्यसन विचारा, पगाराची खात्री करा, दोघांची रक्ततपासणी करा, थॅलेसेमिया आणि सिकलसेलसुद्धा बघा. दोघांना निवांत बोलू द्या. एवढं केल्यावर पत्रिका बघायला वेळ उरला, तर खुशाल बघा. पण होकार-नकार तिच्यावर सोडू नका.