शेजाऱ्याने घडवलेली चोच

नवी प्रजाती कशी तयार होते, याचे शाळेतले उत्तर भूगोलाचे असते: मध्ये डोंगर किंवा समुद्र आला, एकाच प्रजातीचे दोन गट वेगळे पडले आणि काळाच्या ओघात दुरावत गेले. हे खरे आहे, पण अपुरे. आजूबाजूला आधीच कोण राहते आणि काय खाते, यावर त्या दुराव्याचे भवितव्य ठरते. गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर हे फार स्वच्छ दिसले. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३पासून तिथल्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला, पिढ्यान्पिढ्या त्यांच्या चोची मोजल्या. १९७७ साली पावसाने दडी मारली. बारीक बिया संपल्या आणि मुख्यतः सराटा उरला. आपल्या माळरानावर पायात रुततो, त्याचाच भाऊबंद. त्याचे टणक, काटेरी फळ फोडायला दणकट चोच लागते. त्यामुळे मध्यम भू-फिंचांमध्ये मोठ्या चोचीचे पक्षी तगले आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने मोठी निघाली. १९८२च्या सुमारास त्यांची थोरली नातलग, मोठी भू-फिंच, बेटावर स्थायिक झाली. २००३-०४मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा सराट्याचा फडशा तिने पाडला. मध्यम फिंचांपैकी सराट्यावर गुजराण करणारे मोठ्या चोचीचे पक्षी उपाशी मेले, बारीक बिया टिपणारे वाचले आणि चोच लहान झाली. बेट तेच, पक्षी तोच, संकटही तेच. बदल उलट दिशेने झाला, कारण आता शेजारी होता.

चोच लहानमोठी झाली म्हणून प्रजाती थोडीच बदलते, हा आक्षेप रास्त आहे. पण फिंच जोडीदार निवडतात तो गाणे ऐकून आणि चोच पाहूनच, त्यामुळे खाण्यातला फरक विणीपर्यंत पोहोचतो. १९८१मध्ये शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरून एक नर डॅफ्नीवर आला आणि त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. पिल्ले बापाचे वेगळे गाणे शिकली आणि पुढे त्याचे वंशज आपापसांतच जोड्या जमवू लागले. २००३-०४च्या त्याच दुष्काळात या वंशातले फक्त एक भाऊ आणि एक बहीण उरली, तरी वंश टिकला. त्यांच्या चोचीची ठेवण बेटावरच्या इतर फिंचांपेक्षा वेगळी होती, आणि टिकण्याचे मोठे कारण मला तेच वाटते. या वंशाला पक्की प्रजाती म्हणण्याची घाई मात्र करू नये. पुरावा मोजक्याच पिढ्यांचा आहे.

याहून वजनदार आक्षेप असा, की फूट पडते ती दूर राहूनच; सहवास नंतर येतो. बहुतेक पक्ष्यांबाबत हे मान्यच करायला हवे. पण मग डोंगर-दऱ्या असतील तिथे नव्या प्रजाती सतत निपजत राहायला हव्यात. ट्रेव्हर प्राइस आणि सहकाऱ्यांनी पूर्व हिमालयातल्या साडेतीनशेहून अधिक गायक पक्ष्यांची वंशावळ तपासली आणि २०१४ साली निष्कर्ष मांडला: तिथे प्रजाती तयार होण्याचा वेग काळाबरोबर मंदावला आहे, कारण अन्न आणि अधिवासाच्या जागा भरत गेल्या आहेत. पक्ष्याला दरीपलीकडे पसरताच आले नाही, तर दरी त्याचे दोन गट करणार कसे? आणि पलीकडे तेच किडे वेचणारा, त्याच उंचीवर राहणारा दुसरा पक्षी आधीपासून असेल, तर हे पसरणेच अडते.