जुने घर, मोठे आवार : खरेदीपूर्व परीक्षण

तालुक्याच्या गावी किंवा कोकणात एखादे जुने कौलारू घर व भोवतीचे दहा-पंधरा गुंठ्यांचे आवार विकत घ्यावे, पुढच्या पडवीत चिकित्सालय थाटावे, मागील बाजूस अडुळसा, गुळवेल, शतावरी लावावी, असा मनोदय आमच्या अनेक व्यवसायबंधूंकडून आम्ही ऐकत असतो. मनोदय स्तुत्य आहे. मात्र नाडी पाहिल्याखेरीज औषधाची पुडी न बांधणारा वैद्य घराच्या बाबतीत एका दुपारच्या भेटीत इसार देऊन मोकळा होतो, हेही आमच्या पाहण्यात आहे. अशा व्यवहारात बहुधा आयुष्याची बचत गुंतलेली असते. म्हणून या परीक्षणाचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे वाटते. उदाहरणे प्रामुख्याने रत्नागिरी-सिंधुदुर्ग परिसरातील घेतली आहेत, कारण तेथील घरे आम्हांस अधिक परिचयाची आहेत.

चरकाचार्यांनी ‘देश’ या संज्ञेत भूमी व आतुर या दोहोंचा समावेश केला आहे. येथे घर हे आतुर आणि आवार ही भूमी. दोन्ही एकाच दस्ताने आपल्याकडे येतात. परंतु त्यांचे प्रमाण ध्यानात घ्यावे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १५ गुंठे म्हणजे १६,३३५. त्यावर ६०० चौरस फुटांचे घर असेल तर ते शेकडा चारांहूनही कमी जागा व्यापते. आपण मुख्यतः भूमी विकत घेत असतो, आणि पाहणीचा बहुतेक वेळ मात्र माजघरातील खांब व झोपाळा न्याहाळण्यात जातो. तेव्हा पहिला प्रश्न असा करावा : हे घर येथे नसतेच, तर या जागेस आज काय भाव आला असता? मागितलेल्या किमतीतून ती रक्कम वजा केल्यावर जे उरते ते घराचे मोल. ते दुरुस्तीच्या अंदाजाशेजारी मांडून पाहावे. कित्येकदा घराचे खरे मोल शून्याखाली जाते, कारण ते पाडून दगड-लाकूड हलविण्याचाही खर्च असतो.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी घराच्या बाबतीत प्रश्न परीक्षा प्रथम करावी, असे आमचे मत आहे. सात-बारा, आठ-अ, जुने फेरफार आणि नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मिळकत पत्रिका, ही त्या परीक्षेची साधने. सात-बाऱ्यावरील भोगवटादार वर्ग २ असल्यास हस्तांतरणापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘इतर हक्क’ हा रकाना तर अक्षरशः वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, शेजाऱ्याचा विहिरीवरील वा वाटेवरील हक्क तेथेच दडलेला असतो. जमीन शेतीचीच असेल तर शेतकरी नसलेल्या खरेदीदारास १९४८ च्या कूळ कायद्याचे कलम ६३ सामान्यतः आडवे येते. आवारात घर उभे आहे, म्हणून जमीन अकृषिक असेलच असे मुळीच नाही.

कोकणात आणखी एक गुंतागुंत आढळते. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये असते आणि जमिनीची सात-बाऱ्यावर. ही दोन नावे एकच असतील, असे गृहीत धरणे धोक्याचे होय. पूर्वी दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे आहेत. घरपट्टीची पावती दाखवून घर विकणारा मनुष्य अप्रामाणिक असतोच असे नव्हे. त्याच्या समजुतीप्रमाणे ते त्याचेच असते. घरपट्टीची पावती ही मात्र जमिनीच्या मालकीचा पुरावा नव्हे.

सहहिस्सेदारांचा प्रश्न याहूनही बिकट. आमच्या परिचयातील एका वैद्यबंधूंनी बारा गुंठ्यांतील घरासाठी गावात राहणाऱ्या धाकट्या भावाशी सौदा केला. दोन भाऊ मुंबईस, एक बहीण बडोद्यास. भावांनी तोंडी होकार दिला होता; बहिणीस कोणी विचारलेच नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ ची सुधारणा व तिचा अर्थ स्पष्ट करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय यांनंतर वडिलोपार्जित मिळकतीतील कन्येचा जन्मसिद्ध हक्क हा दुर्लक्षिण्याचा विषय राहिलेला नाही. बहिणीने सही नाकारली, तीही रास्त कारणाने, आणि इसाराची रक्कम दोन वर्षे अडकून पडली. ‘तूर्त एकाचा हिस्सा घ्या, बाकीचे मागाहून पाहू’ असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो मानू नये. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतल्यास त्यास सामाईक ताबा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४४ सांगते. त्याने वाटपाचा दावाच लावावा. वकिलांकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि विकणाऱ्याच्या कुटुंबाचा वंशवृक्ष स्वतः कागदावर काढावा. रुग्णाचा कुलवृत्तान्त घेण्याची सवय येथे उपयोगी पडते.

आता भूमीकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी घेण्यास योग्य भूमीची लक्षणे आली आहेत : खड्डे, खडी, वारुळे यांनी दूषित नसलेली, खारवट नसलेली, न भंगणारी, पाणी जवळ असलेली, स्निग्ध. ही लक्षणे खरेदीदारानेही पाठ करावीत. वारूळ असेल तेथे घराच्या लाकडास वाळवीचे भय आहेच. कातळावर केवळ वीतभर माती असेल तर तेथे शतावरी धरणार नाही; चार ठिकाणी कुदळ मारून पाहावी. देशावर काळ्या मातीचे आवार असेल तर निराळाच दोष : ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायाच्या भिंतींना तिरप्या भेगा पडतात.

विहीर वैशाखात पाहावी. आषाढात कोकणातील प्रत्येक विहीर तुडुंब असते. उलट घर श्रावणात पाहावे, जेव्हा कौलांची व भिंतींची खरी प्रकृती प्रकट होते. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पाण्याचा लोट आवारातून कोणत्या दिशेने जातो, हे शेजारच्या वृद्धास विचारावे. वाट पायवाट आहे की गाडीवाट, आणि ती नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या सौजन्यावर, हेही तपासावे. रुग्णास उचलून आणावे लागणार असेल तर चिकित्सालयाचा बेत सोडावा. झाडांविषयी एक सूचना : आंबा, फणस, साग, आईन, किंजळ, एवढेच काय हिरडाही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहे. परवानगीवाचून तो तोडता येत नाही. तेव्हा ‘ही झाडे काढली की जागा मोकळी’ हे बोलणे हिशेबात धरू नये. (हिरडा तोडावासा वाटणारा वैद्य विरळाच, हे खरे.)

घराचे परीक्षण स्पर्शनाने करावे. वासे व तुळया मध्यभागी ठणठणीत दिसतात. त्या कुजतात भिंतीत शिरलेल्या टोकांशी. तेथे पेचकस टोचून पाहावा, लाकडावर टिचकी मारून पोकळ नाद येतो का ते ऐकावे. आढे मधोमध वाकले असेल तर कौले बदलून भागत नाही. जांभ्याची, मातीत बांधलेली भिंत ओल शोषते व सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि वर वर चढते. म्हणून नुकताच रंग दिलेले जुने घर आम्हांस न रंगविलेल्या घरापेक्षा अधिक संशयास्पद वाटते. जुन्या लाकडी पट्ट्यांवरील विजेच्या तारा सर्रास बदलाव्याच लागतात. तो खर्च आधीच धरावा.

पंचकर्म करणाऱ्यांनी सांडपाण्याचा विचार विशेष करावा. अभ्यंगानंतरच्या स्नानाचे स्नेहयुक्त पाणी शोषखड्ड्याची छिद्रे लवकर बुजविते. आधी तेल अडविणारी टाकी हवी. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, आणि जांभा सच्छिद्र असल्याने तेथे याहून अधिक अंतर बरे. पंधरा गुंठ्यांच्या आवारातही विहीर, शोषखड्डा, घर व गाडीवाट मांडून पाहिली की जागा वाटली तितकी मोकळी नाही, हे कळते.

मोठ्या आवाराचा पोसण्याचा खर्चही असतो. पंधरा गुंठ्यांच्या चौरस जागेचा परीघ सुमारे १५६ मीटर भरतो. तेवढा चिऱ्याचा गडगा घालण्याचा अंदाज गवंड्याकडून घ्यावा, म्हणजे उत्साहास योग्य मात्रा मिळते. ‘पुढे अर्धी जागा विकून कर्ज फेडू’ या हिशेबावर विसंबू नये. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखालील नियमांत अलीकडे वेळोवेळी बदल झाले आहेत. व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कार्यालयातच विचारावा.

साध्यासाध्यतेच्या भाषेत बोलायचे तर फुटकी कौले सुखसाध्य, वाळवी लागलेले आढे कृच्छ्रसाध्य. भिंतीची ओल याप्य. दरवर्षी उपचार चालू ठेवावेत आणि तिच्यासह राहावे. सदोष मालकी व नसलेली वाट मात्र प्रत्याख्येय समजावी, मग घर कितीही देखणे असो. हद्दीचा वाद या दोहोंच्या मधला आहे, आणि त्यावर मोजणी हाच उपाय. मोजणीचा अर्ज खातेदारासच भूमी अभिलेख कार्यालयात करावा लागतो. तो विकणाऱ्याने करावा, शुल्क हवे तर आपण द्यावे. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांसह आपणही जागेवर हजर राहावे, आणि नकाशाची ‘क’ प्रत हाती पडल्यावर साठेखताचा मसुदा वकिलांकडे द्यावा.